आज काय खाऊ?

गोष्ट २०२४ च्या फेब्रुवारीतली. मंगळवार, रात्रीचे पावणेआठ. मी फ्रीजचं दार उघडून उभा. आत मुगाची उसळ, अर्धी काकडी, दही, सकाळच्या तीन पोळ्या आणि कुणाच्या तरी वाढदिवसाच्या केकचा एक तुकडा. दार जास्त वेळ उघडं राहिलं की आमचा फ्रीज टुं-टुं करायला लागतो. दोनदा करून झालं. तिसऱ्यांदा आई बाहेरच्या खोलीतून उठून आली.

"काय शोधतोयस?"

"जेवायला काय घेऊ ते बघतोय."

"भूक लागलीय का?"

आणि मंडळी, खरं सांगतो, मला उत्तर देता येईना. एवढा मोठा घोडा, इंजिनिअरिंगची डिग्री, रोज सर्व्हरचे लॉग वाचून कुठे काय बिघडलंय ते शोधण्याचा पगार घेतो, आणि स्वतःच्या पोटात भूक आहे की नाही ते सांगता येत नाही! शेवटी घड्याळाकडे बघितलं आणि म्हणालो, "लागली असेल बहुतेक." आईने माझ्याकडे एकदा नीट बघितलं, फ्रीजचं दार लावलं आणि म्हणाली, "बस. वाढते."

त्याच्या तीन आठवडे आधी मी डाएट सोडलं होतं. मोडलं नव्हतं हं, सोडलं होतं. मोडायची मला चांगली सवय होती, दर रविवारी मोडायचो. डाएट कसं करावं यावर ढिगाने लिहिलं-बोललं जातं. पण सोडल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी उठून माणसाने नेमकं काय खायचं, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. म्हणून आज त्याबद्दल.

आधी थोडा फ्लॅशबॅक.

२०१८-१९ चा काळ आठवतोय का? मी इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होतो आणि निम्मा महाराष्ट्र दोन पार्ट्यांत वाटला गेला होता. एका बाजूला डॉ. जगन्नाथ दीक्षित : दिवसातून दोनदाच जेवा, प्रत्येक जेवण ५५ मिनिटांत संपवा, मधे काही नको. मूळ कल्पना डॉ. श्रीकांत जिचकारांची. ते २००४ मध्ये अपघातात गेले. पुढे दीक्षितांनी ती व्याख्यानांतून आणि व्हॉट्सॲप ग्रुपांतून घरोघर पोचवली. दुसऱ्या बाजूला ऋजुता दिवेकर. २००९ साली त्यांचं पहिलं गाजलेलं पुस्तक आलं. त्यांचं म्हणणं, थोड्या थोड्या वेळाने खा, घरचं खा, तूप खा, आपल्या भागात पिकतं ते खा. आमच्याकडे बाबा दीक्षित पार्टीत, मावशी दिवेकर पार्टीत. २०१९ च्या मे महिन्यात चुलतबहिणीच्या लग्नात पंगतीत बाबा घड्याळ बघत जेवत होते. "पस्तीस मिनिटं झाली, मठ्ठा आणा लवकर," असं म्हणणारा माणूस मी पहिल्यांदाच बघितला. मावशी समोर बसून वरणभातावर तूप ओतून घेत होती आणि बाबांकडे बघून हसत होती.

भांडण सगळं दोनदा की सहादा यावर. पण नंतर एकदा मी नीट वाचलं तेव्हा कळलं, की दीक्षितांच्या पद्धतीची पहिली पायरी वेगळीच आहे. तुम्हाला दिवसात कडकडून भूक कोणत्या दोन वेळांना लागते ते आधी शोधा, आणि त्याच वेळी जेवा. आमच्या घरी ही पायरी सरळ गाळली गेली होती. बाबांनी शेजारच्या काकांच्या वेळा उचलल्या. सकाळी अकरा आणि रात्री आठ. कॉपी-पेस्ट! आम्हा इंजिनिअर लोकांना हे नवीन नाही. दुसऱ्याचा कोड उचलताना वरची कमेंट कोण वाचतो?

माझी पाळी आली २०२१ मध्ये. मार्च २०२० ला पुण्याहून बॅग घेऊन 'पंधरा दिवसांसाठी' नाशिकला आलो होतो, तो घरीच राहिलो. लॅपटॉप, खुर्ची, चहा, कोंडाजीचा चिवडा, परत लॅपटॉप. सप्टेंबर २०२१ मध्ये कंपनीची वार्षिक तपासणी झाली. वजन ८६ किलो, उंची १७२ सेंटिमीटर, एचबीएवनसी ५.९. हा आकडा मागच्या दोन-तीन महिन्यांतली रक्तातली सरासरी साखर सांगतो. ५.७ ते ६.४ म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर, ६.५ ला घरात. बाबांना पंचेचाळिशीत मधुमेह निघाला. मी तेव्हा पंचविशीचाही नव्हतो. रिपोर्टची पीडीएफ मी तीन दिवस कुणाला दाखवली नाही.

म्हणजे घाबरायला कारण होतं, ते खोटं नव्हतं. २०२३ मध्ये आयसीएमआरचा देशभराचा अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात भारतात १० कोटींहून जास्त मधुमेही आणि १३ कोटींहून जास्त लोक माझ्यासारखे उंबरठ्यावर, असा अंदाज आहे. त्या १३ कोटींत मी एक.

मग मी जे केलं ते इंजिनिअरने केलं. मोबाईलवर ॲप घेतलं, स्वयंपाकघरात वजनकाटा आणला, एक्सेल शीट उघडली. रोज १५०० कॅलरी. कच्चे पोहे ४० ग्रॅम. तेल मोजून एक चमचा. आई फोडणी घालायची तेव्हा मी शेजारी उभा राहून "बास, बास" करायचो. चौदा महिन्यांत १२ किलो उतरले. ८६ चे ७४. ऑफिसमधले लोक कॅमेरा सुरू केला की "अरे कसला बारीक झालायस!" म्हणायचे. छान वाटायचं. खोटं का बोला?

पण एक्सेल शीटमध्ये न लिहिलेल्या गोष्टी सांगतो. रात्री साडेअकराला अंथरुणात पडल्या पडल्या मी यूट्यूबवर कोल्हापूरच्या पांढऱ्या रश्श्यापासून इंदूरच्या सराफ्यापर्यंत सगळे खाण्याचे व्हिडिओ बघायचो. तास-तास. मित्रांच्या घरी गेलो की गप्पांत लक्ष नसायचं, टेबलावरच्या ताटलीतल्या काजूकतल्या मोजायचो. आणि रविवार. रविवार म्हणजे 'चीट डे'. नाशिककर आणि रविवार सकाळ म्हटल्यावर मिसळ आलीच, ती खायचो. पण तिथे थांबायचो नाही. आज मोडलंच आहे तर... असं म्हणत मेन रोडला सायंताराचा साबुदाणा वडा, मग जिलेबी, दुपारी बिर्याणी, रात्री आइस्क्रीम. पोट दुखेपर्यंत. सोमवारी सकाळी परत पोहे, ४० ग्रॅम.

आपल्याकडे याला फार जुनं नाव आहे. एकादशी अन् दुप्पट खाशी. :-)

गंमत म्हणजे या म्हणीचा प्रयोगशाळेतला पुरावा आहे. १९७५ मध्ये हरमन आणि मॅक या दोन मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थिनींना मिल्कशेक पाजला आणि मग 'चव सांगा' म्हणून समोर आइस्क्रीम ठेवलं. ज्या एरवी खाण्यावर ताबा ठेवत नव्हत्या, त्यांनी मिल्कशेक प्यायल्यावर आइस्क्रीम कमी खाल्लं. साहजिक आहे. पण ज्या एरवी मोजूनमापून खायच्या, त्यांनी मिल्कशेक प्यायल्यावर उलट जास्त खाल्लं. मोडलंच आहे तर घे खाऊन!

त्याहून जुना प्रयोग मिनेसोटा विद्यापीठातला. १९४४-४५, दुसरं महायुद्ध चालू. युरोपात उपासमार झालेल्या लोकांना परत खायला कसं घालायचं हे शिकायचं होतं. अँसेल कीज या शास्त्रज्ञाने ३६ धडधाकट तरुण स्वयंसेवक घेतले आणि त्यांना २४ आठवडे अर्धपोटी ठेवलं. त्यांचं वजन साधारण पाव हिश्शाने उतरलं. पण मला चरकवून गेलं ते पुढचं. ही मुलं दिवसरात्र खाण्याबद्दलच बोलू लागली. पाककृतींची पुस्तकं वाचू लागली. आणि प्रयोग संपून पोटभर मिळायला लागलं तरी कित्येकांना पोट भरल्यासारखंच वाटेना. त्यांना अर्धपोटी काळात मिळत होत्या रोजच्या साधारण सोळाशे कॅलरी. माझ्या ॲपमधला आकडा होता पंधराशे. मान्य आहे, ती मुलं आठवड्याला बावीस मैल चालायची आणि मी खुर्चीत बसायचो, तुलना जशीच्या तशी लागू नाही. तरी रात्री साडेअकराचे व्हिडिओ आठवून मी फोन बाजूला ठेवला.

आता, डाएट सोडलं ते काही हा प्रयोग वाचून नाही. सोडलं आजीमुळे. तिला हे माहीत नाही.

आजी मूळची घोटीची. आजोबा गेल्यापासून आमच्याकडे असते. वय ८२. सकाळी तिची पूजा झाली की माझ्या खोलीच्या दारात येऊन विचारायची, "आज काय खाशील रे?" लहानपणापासून हा प्रश्न. मी शाळेत असताना विचारायची, पुण्याहून शनिवारी यायचो तेव्हा विचारायची. डाएटच्या काळात मी कॉलवर असायचो, हेडफोन एका कानावरून सरकवून सांगायचो, "आजी, माझं मी बघतो." २०२३ च्या दिवाळीत तिने अनारसे केले. तांदूळ तीन दिवस भिजवून, वाळवून, कुटून. एक अनारसा ताटलीत घेऊन आली. मी म्हणालो, "ठेव, रविवारी खातो." ती म्हणाली, "बरं." ताटली परत घेऊन गेली.

रविवारी मी चार खाल्ले, उभ्याउभ्या, डब्यातून. ती झोपली होती.

जानेवारीत कधीतरी लक्षात आलं, की आजीने सकाळी विचारणं बंद केलंय. कधी बंद केलं ते मला आठवेना. रागावून नाही, तसा तिचा स्वभाव नाही. उत्तर माहीत असलेला प्रश्न माणूस किती दिवस विचारणार? त्या दिवशी मी ॲप काढून टाकलं आणि वजनकाटा माळ्यावर टाकला.

वाटलं, सुटलो. आता काय हवं ते खायचं.

पहिले दहा दिवस रविवारच होता. रोज. मग कंटाळा आला, आणि मग तो फ्रीजसमोरचा प्रकार सुरू झाला. काहीही खाता येतं म्हटल्यावर काय खायचं ते कळेना. फूड डिलिव्हरीच्या ॲपवर चाळीस मिनिटं घालवून शेवटी मॅगी करून खाल्लीय मी. दोन वर्षं जेवणाचा प्रत्येक निर्णय ॲप घेत होतं. किती, कधी, काय, सगळं. एखादी लायब्ररी काढून टाकल्यावर कळतं ना, की अरे, आपलं अख्खं ॲप्लिकेशन हिच्यावरच उभं होतं? तसं. आणि रक्तातला तो ५.९ तर कुठे गेला नव्हता. तेव्हा 'आता मी मुक्त' म्हणून जिलेबी चापायची चैन मला परवडणारी नव्हती. डाएट नको, पण बेफिकिरीही नको. मधलं काय?

मधलं घरातच होतं. फ्रीजच्या त्या मंगळवारनंतर एके रात्री आई भाजी निवडत बसली होती. सहज विचारलं, "आई, उद्या काय करायचं हे तू कसं ठरवतेस?"

"ठरवते कुठे?" आई म्हणाली. "घरात काय आहे, काल काय झालं आणि कुणाला काय चालत नाही, एवढं बघायचं. मग उरतं ते करायचं."

मी लॅपटॉप बाजूला ठेवला. म्हणजे बघा. दुधी तीन दिवसांचा झालाय, उद्या गेलाच पाहिजे. काल मटकी झाली, म्हणजे उद्या उसळ नको. बाबांना रात्री जड चालत नाही. आजीला दात नाहीत, म्हणजे काहीतरी मऊ हवं. झाली की दुधीची चणाडाळ घातलेली भाजी, भाकरी आणि आजीला मुगाची खिचडी! तीन अटी आणि उरेल ते उत्तर. तीस वर्षं, दिवसातून दोनदा. कॅलरी मोजणाऱ्या माझ्या ॲपला दुधी शिळा होतोय हे कधी कळलं नसतं.

तेव्हा माझ्या डोक्यात पहिल्यांदा प्रकाश पडला. मी "मला काय खावंसं वाटतंय?" असं विचारत बसलो होतो, आणि त्या प्रश्नाला अंत नव्हता. आई "काय आहे?" विचारत होती. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर एका फडताळात मावतं.

मग मी दोन कामं अंगावर घेतली. एक म्हणजे, बुधवारी लॉगिनच्या आधी बाबांबरोबर गोदाघाटावरच्या बाजारात जायचं. दुसरं, आठवड्यातल्या दोन रात्रींचा स्वयंपाक माझा. बाजारात जायला लागल्यावर निम्मे निर्णय आपोआप कमी झाले. थंडीत मेथी, चाकवत, हरभऱ्याची कोवळी भाजी, कांद्याची पात. फेब्रुवारीत द्राक्षं, दुसरं काय! पावसात त्र्यंबक-पेठकडच्या बायका करटोली आणि रानभाज्या घेऊन बसतात. जे ढिगाने आहे ते स्वस्त आणि ताजं. ते घ्यायचं, ते करायचं. एकदा नागली दिसली. नागली म्हणजे नाचणी, आमच्याकडे इगतपुरी-पेठ-सुरगाण्याच्या डोंगरात पिकते. २०२३ हे संयुक्त राष्ट्रांनी भरडधान्य वर्ष म्हणून साजरं केलं, तेव्हा मी मॉलमधून हिची महागडी बिस्किटं आणली होती, 'हाय फायबर' लिहिलेली. घोटीच्या बाईचा नातू नागली मॉलमधून आणतो! आजीला सांगितलं नाही.

दुसरी गोष्ट, ताट. आपल्या ताटात डावी आणि उजवी बाजू असते हे आपण लहानपणी शिकतो आणि मोठेपणी विसरतो. डावीकडे मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर. उजवीकडे भाजी, आमटी. मधे पोळी-भाकरी, भात. आजीचं ताट असंच. पण इथे एक गडबड आहे, ती सांगितली पाहिजे, नाहीतर 'पूर्वजांना सगळं ठाऊक होतं' छापाचं होईल. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने मे २०२४ मध्ये भारतीयांसाठी आहाराची नवी मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यात म्हटलंय, की आपल्याकडे दिवसाच्या ऊर्जेपैकी ५० ते ७० टक्के धान्यातूनच येते, ती ४५ टक्क्यांपर्यंत हवी. आणि ताटाचा साधारण निम्मा भाग भाज्या-फळांचा हवा. आजी तरुणपणी दिवसभर भाताच्या खाचरात वाकून लावणी करायची. तिला तीन भाकरी लागायच्या आणि जिरायच्या. मी दिवसभर वाकतो तो स्क्रीनकडे.

म्हणून मी आजीचं ताट ठेवलं आणि बाजू मोठ्या केल्या. चमचाभर कोशिंबिरीची वाटीभर झाली. भाजी एकाऐवजी दोन वेळा. डाळ किंवा उसळ रोज. दोनच्या जागी दीड भाकरी, आणि त्याच्यावरही भूक राहिली तर उरलेली अर्धी. शेवटची अट महत्त्वाची. माझा एक मित्र म्हणाला, "हे पण डाएटच झालं की रे!" मी बराच विचार केला. मला वाटतं फरक ओळखायची एक सोपी खूण आहे. नियम मोडला तर दिवस वाया गेला असं वाटतं का? डाएटवर एक पेढा खाल्ला की माझा अख्खा दिवस नासायचा, आणि मग दुपटीने खाल्लं जायचं. आता पेढा खाल्ला तर पेढा खाल्ला. रात्रीचं जेवण जसं व्हायचं तसंच होतं.

भूक मात्र लगेच परत आली नाही. ती आली हळूहळू. आणि ती मिसळीच्या टेबलावर सापडली.

२०२५ च्या जुलैतला रविवार. कॉलेजचे आम्ही चौघे साधनाच्या चुलीवरच्या मिसळीला गेलो होतो. पाऊस, धूर, काळ्या मसाल्याचा वास, बाकावर आमच्यासारखेच शंभर जण. आमच्यातला एक सोळा तासांच्या उपासाची पद्धत करतो, तो घड्याळात साडेअकरा वाजायची वाट बघत बसला होता. दुसऱ्याने इंजेक्शनांचा विषय काढला. त्या वर्षी मार्चमध्ये मौंजारो आणि जूनमध्ये वेगोवी भारतात आलं होतं, त्याच्या डॉक्टरांनी त्याला सुचवलं होतं. "भूकच लागत नाही म्हणे फारशी," तो म्हणाला. त्याचं वजन ११८ आहे आणि गुडघे गेलेत, त्याला गरज असेल तर ते औषध आहे, त्यात हसण्यासारखं काही नाही. तसं मी त्याला म्हणालोही. पण मनात आलं, बघा काय गंमत आहे, हा भूक घालवायला निघालाय आणि मी वर्षभर माझी शोधतोय.

तेवढ्यात वाढणारा आला. "रस्सा देऊ?" मी सवयीने वाटी पुढे केली आणि हात मधेच थांबला. पुढ्यात दीड पाव उरला होता. पोट भरलं होतं. कॅलरीचा आकडा डोक्यात आला नव्हता, उद्याचा सोमवार आला नव्हता. नुसतं पोट भरलं होतं. "नको, बास," म्हणालो. मित्रांच्या काही लक्षातही आलं नाही. त्या दिवशी दुपारी जेवलो नाही, नियम म्हणून नाही, भूकच नव्हती. तीन वाजता लागली. लख्ख कळली. उठून ताक आणि थालीपीठ खाल्लं.

तुम्ही म्हणाल, यात काय सांगण्यासारखं? अडीच वर्षांच्या पोरालाही हे कळतं, पोट भरलं की ते तोंड फिरवतं. बरोबर आहे. मला ते सव्वीस-सत्ताविसाव्या वर्षी परत शिकावं लागलं एवढंच.

आता आकडे, कारण तुम्हाला तेच हवे असतात आणि मलाही. सध्या वजन ७९. म्हणजे उतरवलेल्या बारा किलोतले पाच परत आले. बीएमआय पावणेसत्तावीसच्या आसपास. आपल्या लोकांसाठी २५ च्या वर लठ्ठ धरतात, त्या हिशोबाने मी अजून लठ्ठच. (बीएमआय हे नाव १९७२ मध्ये ज्याने रूढ केलं तोही हाच मिनेसोटाचा अँसेल कीज. हा माणूस माझा पिच्छा सोडत नाही.) शेवटचा एचबीएवनसी ५.८. डॉक्टर म्हणाले, वाईट नाही, पण चाल. म्हणून संध्याकाळी कृषीनगरच्या जॉगिंग ट्रॅकवर पाऊण तास चालतो. जिंकलो वगैरे काही नाही. ५.९ चं ५.८ होणं म्हणजे काही मिरवणूक काढण्यासारखं नाही. कदाचित मी ७४ वर राहिलो असतो तर आकडा आणखी खाली असता. हे मला माहीत आहे आणि कधीकधी रात्री ते टोचतं. पण ७४ वर मी राहूच शकलो नसतो, हेही मला माहीत आहे. ज्या पद्धतीने तिथे पोचलो ती जन्मभर चालवता येण्यासारखी नव्हती, आणि बाबांकडे बघून कळतं की हे काम जन्मभराचं आहे.

आणि आजी. तिला मी काही समजावून सांगितलं नाही. काय सांगणार? माझ्या स्वयंपाकाच्या रात्री ती ओट्याशी खुर्ची टाकून बसते आणि चुका काढते. भाकरी थापताना माझ्या कडा फाटतात, त्यावर तिचं म्हणणं, पाणी गरम नव्हतं. पिठल्यात गुठळ्या झाल्या, त्यावर तिचं म्हणणं, हात चालत नाही, तोंड चालतं.

आज शनिवार. सकाळी लॅपटॉप घेऊन बसलो होतो. दारात काठीचा आवाज आला.

"आज काय खाशील रे?"

मी हेडफोन काढून ठेवले. पूर्ण, दोन्ही कानांवरचे.

"काय आहे आजी?"

"नागलीचं पीठ आहे. वांगी आणलीत तुझ्या बापाने."

"मग भाकरी आणि भरीत."

"तू थापणार असशील तर," म्हणाली आणि गेली.

चला, पाणी गरम करायला ठेवतो. या वेळी नीट उकळू देतो.

ता. क. : वजनकाटा माळ्यावरून काढला. आता त्यावर आई दिवाळीच्या चिवड्याचे पोहे मोजते. त्याला शेवटी बरं काम मिळालं.